‘भरली कणगी’ची बारावी गोष्ट

आमच्या शकूला पहिली मुलगी झाली ते साल एकोणीसशे शहाण्णव. बाळंतपणाला ती आमच्याकडे संगमनेरला आली होती. बारशाच्या आदल्या दिवशी मी मालकांना अर्धा किलो डिंक आणायला बाजारात पाठवलं. ते दोन तासांनी आले. हातात डिंक नव्हता, पुस्तक होतं.

“डिंक कुठंय?” मी विचारलं.

“डिंक काय, उद्या मिळेल. हे संपत आलं होतं. शेवटच्या तीन प्रती राहिल्या होत्या.”

“मग लाडू कशाचे करू? बाळंतीण पुस्तक खाईल का?”

आतल्या खोलीतून शकू हसली. टाके दुखतील म्हणून तिला हसायला मी बंदी केली होती.

पुस्तकाचं नाव ‘भरली कणगी’. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, नाव त्यांनी सांगितलं. वर कणगीचं चित्र होतं आणि कणगीवर एक कोंबडी बसलेली होती. त्या वर्षी ते पुस्तक गावात सगळीकडे दिसायचं. एस.टी. स्टँडवर होतं, न्हाव्याच्या दुकानात होतं, मालक कामाला होते त्या दूध डेअरीत तर चौघांकडे होतं. पैसा कसा राखावा आणि कसा वाढवावा हे त्यात गोष्टी सांगून शिकवलं होतं. गोष्ट संपली की खाली एक नियम. मालक म्हणाले, “मी डेअरीत तीनदा वाचलंय. अकरा-बारा गोष्टी आहेत.”

“अकरा का बारा?”

“तुला काय करायचंय? तू ऐक.”

मला ऐकवण्यामागे त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. मी वीस वर्षं बिड्या वळत होते. कारखान्याने माझ्या मजुरीतून कापलेला फंड एकवीस हजारांवर गेला होता. तो त्यांना हवा होता. दारू-जुगारासाठी नव्हे. मालकांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. डेअरीतल्या एकाचा भाऊ, सुभाष वर्पे म्हणून, सागाच्या झाडांची एक योजना विकत होता. घाटाखाली कंपनीचा मोठा मळा आहे, वीस हजार भरले की वीस झाडं आपल्या नावावर, वीस वर्षांनी त्यांचे वीस लाख. डेअरीतल्या चौघांनी भरले होते. मालकांकडचे होते-नव्हते ते शकूच्या लग्नात गेले होते. राहिला माझा फंड.

तो काढायचा तर मला काम सोडल्याचं लिहून द्यावं लागणार होतं. म्हणजे बिडी कामगाराचं कार्ड जाणार, कार्डावरचा दवाखाना जाणार आणि म्हातारपणी मिळायची ती पेन्शनही जाणार. हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

“तुझा फंड निजलाय, द्वारका,” ते म्हणायचे.

“निजू द्या. मी मेल्यावर उठेल.”

“पुस्तकात काय म्हटलंय? निजलेला पैसा मालकाला निजवतो.”

“मी कुठं मालक आहे? मालक तुम्ही.”

असं महिनाभर चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, पुस्तक पुरं ऐकते, मग अंगठा देते. मला वाटलं, पुस्तक जाडजूड आहे, पावसाळा निघून जाईल. त्यांनी लगेच वर्पेला निरोप दिला.

वाचायचं कोणी, हा प्रश्न नव्हता. शकू सातवी झालेली, पण बाळंतिणीने वाचू नये, डोळे अधू होतात, असं आमच्यात मानत. मालक चौथी होते, मोठ्याने वाचताना दर ओळीला अडखळायचे. घरात वाचणारं माणूस एकच, माझ्या थोरल्या नणंदबाई. मालक त्यांना आक्का म्हणत, मी वन्सं. त्या जुन्या सातवीच्या परीक्षेत पास झालेल्या. येवल्याला दिल्या होत्या. अडुसष्ट साली एक ट्रंक घेऊन परत आल्या. नवरा सुरतेला निघून गेला, एवढंच सांगितलं. त्यांना आणखी कोणी काही विचारलं नाही. त्या सुरेख वाचायच्या. श्रावणात आळीतल्या बायका पोथी ऐकायला आमच्याकडेच येत.

वन्संनी ते पुस्तकही पोथीसारखंच घेतलं. पाट मांडला, वर धुतलेला पंचा घातला, त्यावर पुस्तक ठेवलं. मालक दुपारी तीनला डेअरीतून आले की हातपाय धुऊन समोर बसायचे. मी आणि शेजारची लंकाबाई सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळत ऐकायचो. शकू आतल्या खोलीतून. रोज एक गोष्ट. गोष्ट संपली की वन्सं पानात तुळशीचं पान घालून पुस्तक मिटायच्या.

गोष्टी चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. एक तेली होता, त्याचा बैल डोळ्यांवर झापड बांधून घाण्याभोवती फिरायचा आणि तेली स्वतः तसाच बाजारात फिरायचा. दोघे भाऊ होते, एकाने नाणी चुलीखाली पुरली, दुसऱ्याने शेळी घेतली. त्या गोष्टीला मालकांनी मांडीवर थाप मारली.

“ऐकलं का? बारा वर्षांनी नाणी तेवढीच, आणि शेळ्यांनी वाडगं भरलं.”

लंकाबाई म्हणाली, “भाऊ, आमच्या शेळ्या तर दोन सालात मेल्या रोगाने. नाणी मरत्यात का?”

“तू बिड्या वळ.”

वन्सं हसल्या नाहीत. त्या वाचताना गोष्टीबाहेरचा शब्द कधी बोलायच्या नाहीत. घरातही कमीच बोलायच्या. माझ्या फंडाविषयी त्यांनी मला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. भावाच्या अन्नावर राहणारी बाई, ती काय सांगणार, असं मीच मनात धरलं होतं.

दहाव्या दिवशी पुस्तक मिटताना वन्सं मालकांना म्हणाल्या, “रंगा, उद्या समाप्ती.”

दुसऱ्या दिवशी वर्पे आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, चामड्याची पिशवी. मी शिरा केला होता, समाप्तीला नैवेद्य हवा म्हणून. त्याने पिशवीतून कागद काढून गुडघ्यावर ठेवले आणि शाईची डबी उघडून माझ्या सुपाशेजारी मांडली. डबी जांभळी होती. मी तंबाखूचा हात पदराला पुसला.

“वहिनी, घाई नाही,” तो म्हणाला. “पोथी होऊ द्या. हे पुस्तक म्हणजे आमच्या धंद्याची गीताच आहे.”

वन्संनी अकरावी गोष्ट वाचली. ती कुठल्या तरी म्हाताऱ्या सावकाराची होती, माझं लक्ष नव्हतं. गोष्ट संपली, नियम झाला. मालक हात जोडून उठायला लागले.

“बस, रंगा,” वन्सं म्हणाल्या. “अजून एक आहे.”

त्यांनी पान उलटलं, चष्मा सारखा केला आणि त्याच संथ आवाजात वाचायला लागल्या.

“एका गावात एक बाई होती. तिच्या सासऱ्याला मुलाचा स्वभाव ठाऊक होता, म्हणून मरताना त्याने गोड्या पाण्याची विहीर सुनेच्या नावावर केली. एके दिवशी नवरा म्हणाला, पलीकडच्या डोंगरात सोन्याची खाण लागली आहे. विहीर देऊन टाकू आणि खाणीत वाटा घेऊ. दोन वर्षांत तुला सोन्याने मढवतो. बाई म्हणाली, बरं. कागद आला, तिने अंगठा दिला. मग दोघं खाण बघायला निघाली. डोंगर होता. खाण नव्हती. परत आली तो विहिरीवर दुसऱ्याची मोट चालली होती. बाईने प्यायला पाणी मागितलं. मोटकरी म्हणाला, घागरीला दोन पैसे पडतील.”

वन्सं थांबल्या. मग नियम वाचला.

“जिथे अंगठा द्यायचा, तिथे आधी आपले पाय जाऊन यावेत. आणि वाट दाखवणाऱ्याला न सांगता जावेत.”

आत बाळ कुरकुरत होतं.

वर्पे म्हणाला, “ही गोष्ट आहे होय यात? मला आठवत नाही.”

“तुम्ही पुरतं वाचलंय का?” वन्संनी विचारलं.

“म्हणजे, वाचलंय. पण ही...” तो मालकांकडे वळला. “रंगनाथभाऊ, आहे का हो ही?”

मालकांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा वर्पेकडे, एकदा लंकाबाईकडे. तीनदा वाचलंय, हे त्यांनी आळीभर सांगून ठेवलं होतं.

“आहे ना,” ते म्हणाले. “शेवटची आहे. विहिरीची. मोठी नामी गोष्ट आहे.”

“बघू जरा,” म्हणून वर्पेने हात पुढे केला.

वन्संनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं, पाटावर ठेवलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. “समाप्तीला ग्रंथ जागचा हलवत नाहीत. आज तो निजतो. उद्या सकाळी या, बघा.”

“बाई, हे काय देवाचं पुस्तक आहे?”

“गीता म्हणालात ना तुम्ही?”

लंकाबाईला ठसका लागला. तिने तो तंबाखूवर घातला.

मी म्हटलं, “अंगठा मी देते. पण नियम झालाय, तर झाडं एकदा बघून येऊ.”

“अहो वहिनी, दर रविवारी आमची जीप जाते. फुकट. जेवण पण कंपनीचं.”

“न सांगता, असं आहे त्यात,” मी म्हटलं.

वर्पेने शिरा खाल्ला आणि डबी मिटून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काही आला नाही. पुस्तक वन्संच्या ट्रंकेत गेलं. बुधवारी मालकांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं निघालो.

वन्संनी दशम्या बांधून दिल्या. आळेफाट्याला गाडी बदलली, माळशेज घाट उतरलो. वाटेत मालक पहिल्यांदा खुशीत होते. खिडकीतून सागाची झाडं दिसली की म्हणायचे, “बघ, अशी. अशी वीस.” कंपनीच्या कागदावर फाट्याचं नाव होतं, तिथे उतरलो. रस्त्याला लागूनच मोठी पाटी होती. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. मालकांनी ती वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू झाडं त्यांनीच लावली होती. पाटीमागे साग होता, आणि चांगला होता. उंच, सरळ, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारा. प्रत्येक झाडावर रंगाने आकडा घातलेला.

“आता?” ते म्हणाले. “आता काय म्हणणं आहे तुझं?”

माझं काहीच म्हणणं नव्हतं. मला झाडं आवडली. मी एकाला हात लावून पाहिला. मनात आलं, आपण उगाच नवऱ्याला महिनाभर छळलं. तिथे शाईची डबी असती तर मी अंगठा देऊन टाकला असता.

तहान लागली म्हणून आम्ही पाणी बघायला आत गेलो. थोड्या अंतरावर एक झोपडी होती. ठाकराची बाई दारात करवंदाच्या काट्यांचं कुंपण बांधत होती. तिने तांब्या भरून दिला.

“सागाला आलाव का?” तिने विचारलं.

“हो. तू राखतेस का?”

“मी कशाला राखीन? फारेस्टचा गार्ड राखतो.”

मालकांचा तांब्या ओठांपाशीच थांबला. “फॉरेस्टचा कसा? कंपनीचा मळा ना हा?”

“झाडं सरकारची. पाटी सायबांची,” ती म्हणाली. “गार्ड पाटी उपटून टाकतो, साहेब शनिवारी परत आणून रोवतात. ऐतवारी जीपा येतात. माणसं झाडांना हात लावतात, जेवतात, जातात. माझा म्हातारा पत्रावळी देतो त्यांना.”

“आणि ते आकडे?”

“ते फारेस्टचे. तोडीच्या झाडाला घालतात.”

“मग कंपनीचं काय आहे इथं?”

तिने हाताने दाखवलं. टेकडीच्या उतारावर गुडघाभर गवत होतं. त्यात बांबूच्या काही काठ्या रोवलेल्या होत्या, काही पडलेल्या होत्या. तिची शेळी तिथेच चरत होती.

मालक तिथे जाऊन आले. मी बसूनच राहिले. आले ते दगडावर टेकले. दशम्या सोडल्या, पण खाल्ल्या नाहीत. त्या बाईने विचारलं, “किती घातलं?” मी म्हटलं, “अजून नाही घातलं.” ती म्हणाली, “बरं केलं,” आणि पुन्हा काटे बांधायला लागली.

परत येताना आळेफाट्याला गाडी बदलायला उतरलो. तिथे चहा घेताना एकदम म्हणाले, “पण पुस्तक खरं निघालं, द्वारका.”

“हो.”

“पुस्तकाने वाचवलं.”

“हो,” मी म्हटलं. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

त्यांनी डेअरीत सगळ्यांना सांगितलं. चौघांपैकी दोघांनी ऐकलं आणि वर्पेच्या दारात जाऊन बसले. त्यांना थोडे पैसे मिळाले. दोघांनी ऐकलं नाही. पुढच्या दिवाळीत कंपनीच्या कचेरीला कुलूप लागलं. वर्पेचे स्वतःचे चाळीस हजार त्यात होते, हे तेव्हा कळलं. तोही झाडं बघायला कधी गेला होता तर रविवारीच, जीपमधून.

मालकांना मात्र त्या पुस्तकाचं वेडच लागलं. लग्न असलं की आहेरात ‘भरली कणगी’. “बाकीच्या गोष्टी राहू द्या, बारावी तेवढी वाचा,” असं वर सांगायचे. एकदा शकूच्या सासऱ्यांनी विचारलं, “बारावी कुठली हो? आमच्यात अकराच आहेत.” हे म्हणाले, “नीट वाचा.” दोन हजार तीन साली वैशाखात ते डेअरीतून घरी येताना सायकलवरून पडले आणि गेले. ते पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत पुरतं वाचलं होतं, असं मला वाटत नाही.

मग घरात आम्ही दोघीच उरलो. वन्संच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, ते बिघडलं, दुसऱ्याचं त्यांनी करू दिलं नाही. पोथीवाचून त्यांचे दिवस जाईनात. एके दिवशी म्हणाल्या, “द्वारके, तू शीक. आता तू वाच, मी ऐकते.”

“आता? छप्पन्न वर्षांची झाले मी.”

“मग काय, ऐंशीची झाल्यावर शिकणार आहेस?”

त्यांनी मला तंबाखूच्या सुपात बोटाने अक्षरं काढायला लावलं. त्यांना दिसायचं नाही, म्हणून माझं बोट धरून फिरवायच्या. सात-आठ महिन्यांत मला जोडाक्षरं वाचता यायला लागली. मी पोथी मागितली, तर त्या म्हणाल्या, “पोथीचे टाइप बारीक आहेत. आधी ‘भरली कणगी’ काढ. माझ्या ट्रंकेत आहे.”

रोज दुपारी मी दोन-तीन पानं वाचायचे. तेली वाचला, शेळीची गोष्ट वाचली. चुकलं की वन्सं पुढचा शब्द सांगायच्या, त्यांना सगळं पाठ होतं. उन्हाळ्यात सुरू केलं ते गणपती होऊन गेल्यावर म्हाताऱ्या सावकाराची गोष्ट संपली. मी पान उलटलं.

“वाच,” वन्सं म्हणाल्या.

“आमची... इतर... प्रकाशने.” मी बोट ठेवून वाचत होते. “लोणची व मुरंबे. चाळीस रुपये. घरचा वैद्य. पंचेचाळीस रुपये. मुलांची नावे. पंधरा रुपये.” मी ते पान पुन्हा उलटलं. पुढे मागचं कव्हर होतं. “वन्सं, पान फाटलंय का हो?”

“फाटलेलं नाही.”

“मग विहिरीची गोष्ट कुठल्या पानावर आहे?”

“पानावर नाही,” त्या म्हणाल्या. “येवल्यात आहे.”

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड दाराकडे होतं.

“विहीर नव्हती,” त्या म्हणाल्या. “घर होतं. दोन खोल्या आणि मागे पडवी. सासऱ्यांनी माझ्या नावावर केलं होतं. ह्यांना तंबूतल्या सिनेमात भागी घ्यायची होती. कागद आणला. मी सही केली. तंबू कोणी पाहिला नव्हता, तो नव्हताच. मग ते सुरतेला गेले. मी त्याच घरात चार महिने भाड्याने राहिले.”

“पण तुम्हाला वाचता येत होतं ना? कागदावर काय आहे ते...”

“येत होतं.”

“मग?”

“ते समोर उभे होते, द्वारके. नवऱ्यासमोर कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं झालं असतं. म्हणून नाही वाचला.”

मी विचारलं, “हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत? शहाण्णवला?”

“सांगितलं असतं तर रंगा म्हणाला असता, स्वतःचा संसार मोडला, आता माझा मोडते. आणि तूही तेच म्हणाली असतीस.”

मी नाही म्हणाले नाही. मी तेच म्हणाले असते.

“वर्पेने पुस्तक ओढून घेतलं असतं तर?”

“तर मला ट्रंक घेऊन दुसरीकडे जावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “चहा टाक.”

मी चहा टाकला. पुढच्या वर्षी मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि फंड मिळाला. कारखान्याच्या कचेरीत कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. मी म्हटलं, आधी कागद द्या. तो मी सगळा वाचला. अर्धा तास लागला, मागे रांग खोळंबली, लोक बोलले. मग सही केली. पेन्शन मला आजही मिळते.

वन्सं, म्हणजे कलावती, दोन हजार अकरा साली माघ महिन्यात, सोमवारी दुपारी वारल्या.